क्लच, मालवाहू मोटरगाडीतील

एंजिनाची परिभ्रमी गती चालकाच्या इच्छेप्रमाणे दंतचक्र पेटीकडे पोहोचविणारी अथवा तोडणारी घर्षण प्रयुक्ती. अंतर्ज्वलन-एंजिन शून्य वेगापासून ओढ देऊ शकत नाही. ते निदान ठराविक किमान वेगाने फिरत असावे लागते. उलट भरलेली गाडी प्रथम स्थिर असते. फिरणारे एंजिन व स्थिर चाके यांची जोडणी धक्का न बसता करून देणे हे क्लचचे पहिले कार्य होय. गिअर बदलताना ही जोडणी क्षणभर सोडविणे हे दुसरे. तिसरे कार्य सहसा लक्षात घेतले जात नाही. एंजिनापासून चाकांपर्यंतच्या साखळीत क्लच हा मर्यादित ताकदीचा दुवा असतो. त्याच्या क्षमतेपलीकडचे परिपीडन म्हणजे पीळ त्यावर आला, तर तो घसरतो आणि पुढचे दंड व दंतचक्रे वाचतात. क्लच अधिक बळकट करावयाचा असेल, तर या तिसऱ्या कार्याचा विचार प्रथम करावा लागतो.

डीझेल एंजिनाच्या लहान मालवाहू गाड्यांचा, म्हणजे पिकअप वर्गातील गाड्यांचा, क्लच बळकट करण्याचा प्रश्न दोन अगदी भिन्न परिस्थितींत निर्माण होतो. अमेरिकेत अशा गाड्यांच्या भार ओढण्याच्या स्पर्धा होतात व त्यांसाठी एंजिन आणि क्लच दोन्ही बदलण्यात येतात. महाराष्ट्रात हा प्रश्न स्पर्धेचा नसून रोजच्या मालवाहतुकीचा आहे आणि तो विशेषेकरून जाणवणारे ठिकाण म्हणजे ठाणे जिल्ह्यातील भिवंडी. दोन्ही ठिकाणी क्लच निकामी होतो. परंतु त्याची कारणे वेगळी असल्याने उपायही वेगळे आहेत.

रचना व कार्य : एंजिनाच्या भुजादंडाच्या टोकाला प्रचक्र बसविलेले असते, कारागीर त्याला फ्लायव्हील म्हणतात. प्रचक्राच्या सपाट पृष्ठाला लागून दोन्ही बाजूंना घर्षण-अस्तर लावलेली पोलादी तबकडी असते. हीच क्लचप्लेट होय. तिच्या मध्यभागी खाचा असलेले तुंबे असते व ते दंतचक्र पेटीच्या प्रवेशदंडावर मागेपुढे सरकू शकते. मात्र त्या दंडाबरोबरच फिरते. तबकडीच्या मागे दाबपट्ट अर्थात प्रेशर प्लेट असते. स्प्रिंगांच्या जोराने दाबपट्ट तबकडीला प्रचक्रावर दाबून धरते आणि तिन्ही भाग एकत्र फिरतात. चालकाने पायटा दाबला की तरफा किंवा द्रवीय दट्ट्या यांच्या साह्याने मुक्ती धारवा पुढे सरकतो, दाबपट्ट मागे ओढली जाते आणि तबकडी मोकळी होते. पायटा सावकाश सोडला म्हणजे तबकडी प्रथम घसरत घसरत गती घेते व अखेरीस प्रचक्राशी एकरूप होते. तुंबे व तबकडी यांच्यामध्ये बसविलेल्या लहान स्प्रिंगा एंजिनाच्या हिसक्यांचे शमन करतात. डीझेल एंजिनात ज्वलनाचे हिसके तीव्र असल्यामुळे या स्प्रिंगांना विशेष महत्त्व असते.

दाबासाठी दोन प्रकारच्या स्प्रिंगा वापरतात. जुन्या गाड्यांत परिघावर बसविलेल्या वेटोळ्या स्प्रिंगा असत. नव्या गाड्यांत बहुधा पापुद्र्यासारखी एकच शंक्वाकार पटल-स्प्रिंग असते. अस्तर झिजत जाते तसा वेटोळ्या स्प्रिंगांचा दाब कमी होत जातो. जास्त वेगाला केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे त्या बाहेर वाकतात व त्यांचा दाब आणखी घटतो. पटल-स्प्रिंगेत हे दोष बव्हंशी नसतात आणि पायट्यावर जोरही कमी लागतो.

इतिहास : घर्षणाचे नियम प्रयोगांनी सुस्थिर करण्याचे श्रेय फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल ऑग्यूस्तँ द कुलंब यांना देतात (१७८१). पहिल्या मोटरगाड्यांत चामड्याचे अस्तर लावलेले शंकूच्या आकाराचे क्लच असत. चामडे तापले की करपे आणि क्लच एकदम पकड घेई. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये घर्षण-अस्तरे बनविण्याचा उद्योग सुरू केला. पुढे ॲस्बेस्टसच्या धाग्यांपासून बनविलेली अस्तरे सर्वत्र रूढ झाली व त्यांच्यामुळे एका तबकडीचा कोरडा क्लच मोटरगाडीत स्थिरावला. भारतात १९५४ मध्ये जमशेटपूर येथे टाटांच्या कारखान्यात डाइमलर-बेन्झ कंपनीच्या सहकार्याने डीझेल ट्रकांचे उत्पादन सुरू झाले. हलक्या मालवाहू वर्गात १९८६ मध्ये टाटा ४०७ व २००५ मध्ये टाटा एस ही वाहने आली. महिंद्रांच्या पिकअप गाड्याही याच कामासाठी मोठ्या प्रमाणात वापरल्या जातात. या गाड्यांनी शहराजवळच्या मालवाहतुकीचे स्वरूप पालटून टाकले.

पीळ पेलण्याची क्षमता : क्लच किती पीळ न घसरता वाहून नेऊ शकेल, हे चार गोष्टींच्या गुणाकाराने ठरते.

पीळ = घर्षण पृष्ठांची संख्या × घर्षण गुणांक × स्प्रिंगांचा दाब × अस्तराची सरासरी त्रिज्या

उदा., तबकडीच्या अस्तराचा बाहेरचा व्यास २४ सेंमी. व आतला १६ सेंमी. असेल, तर सरासरी त्रिज्या १० सेंमी. म्हणजे ०·१ मी. होते. दाब ५,००० न्यूटन, घर्षण गुणांक ०·३ आणि दोन्ही बाजू मिळून पृष्ठे दोन धरल्यास क्लचची क्षमता ३०० न्यूटन-मीटर येते. भारतातील २·५ लि. वर्गातील पिकअपच्या डीझेल एंजिनाचा कमाल पीळ सु. २०० न्यूटन-मीटर असतो. म्हणजे या क्लचची क्षमता एंजिनाच्या दीडपट झाली. प्रवासी मोटरगाड्यांत हे गुणोत्तर सामान्यतः १·२ ते १·५ ठेवतात. अवजड कामाच्या वाहनांत ते २ किंवा त्याहूनही अधिक असते. मधली राखीव क्षमता झीज, तेलाचा अंश व उष्णता यांच्यासाठी असते. एंजिनाच्या मागील बाजूचे तेल झिरपून अस्तरावर आले किंवा अस्तर करपले आणि घर्षण गुणांक ०·३ वरून ०·२ वर उतरला, तर वरील क्लचची क्षमता ३०० वरून २०० न्यूटन-मीटरवर येते. अशा वेळी चढावर एंजिनाचा वेग वाढतो पण गाडीचा वाढत नाही. क्लच घसरत असल्याची ही खूण होय.

या सूत्रात गाडीतील मालाचे वजन कोठेही येत नाही. क्लच एकदा पूर्ण जुळल्यावर त्यावर एंजिन देईल तेवढाच पीळ येतो. गाडीत एक टन माल असो वा दोन टन, एंजिन २०० न्यूटन-मीटरपेक्षा अधिक देऊ शकत नाही. मालाचे वजन क्लचला जाणवते ते जुळण्याच्या वेळी, म्हणजे घसरण चालू असताना. आणि ते उष्णतेच्या रूपाने.

घसरण व उष्णता : गाडी निघताना क्लचमध्ये जेवढी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते ती सपाट रस्त्यावर अदमासे गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकी असते. एकूण ३,००० किग्रॅ. वजनाची गाडी घेऊ. चाकाची त्रिज्या ०·३३ मी., पहिल्या गिअरमध्ये एंजिन व चाक यांच्या वेगांचे गुणोत्तर २०, दुसऱ्यात १२ आणि निघताना एंजिनाचा वेग मिनिटाला १,२०० फेरे असे मानू. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण जुळतो तेव्हा गाडीचा वेग सेकंदाला सु. २ मी. असतो आणि क्लचमध्ये सु. ६·४ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. हीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये काढली, तर क्लच जुळेपर्यंत वेग सेकंदाला सु. ३·५ मी. व्हावा लागतो व उष्णता सु. १८ किलोज्यूल होते. पहिल्या गिअरपेक्षा ही जवळजवळ तिप्पट झाली. गाडीचे वजन दुप्पट झाल्यास हे दोन्ही आकडे दुप्पट होतात.

वाहतुकीच्या कोंडीत तासाला साठ वेळा गाडी काढावी लागली, तर पहिल्या गिअरमध्ये सु. ३८५ व दुसऱ्यात सु. १,०७५ किलोज्यूल उष्णता क्लचमध्ये साठते. प्रचक्र व दाबपट्ट मिळून १५ किग्रॅ. बीड धरले आणि उष्णता बाहेर गेलीच नाही असे मानले, तर त्याचे तापमान पहिल्या प्रकारात सु. ५०° से.ने व दुसऱ्यात सु. १४०° से.ने वाढेल. प्रत्यक्षात काही उष्णता हवेत जाते. परंतु घासणाऱ्या पृष्ठाचे तापमान आतल्या धातूपेक्षा पुष्कळ अधिक असते. सेंद्रिय राळ वापरलेली अस्तरे सु. २५०° ते ३००° से.च्या पुढे आपला घर्षण गुणांक गमावू लागतात आणि राळ जळून तिचा ओळखीचा उग्र वास येतो.

चढावर ब्रेक न लावता अर्ध्या दाबलेल्या क्लचवर गाडी धरून ठेवणे याला चालक ‘हाफ क्लच’ म्हणतात. वीस फुटांत एक फूट अशा चढावर वरील गाडी धरून ठेवण्यास क्लचमधून सु. २४ न्यूटन-मीटर पीळ जावा लागतो. एंजिन मिनिटाला १,००० फेऱ्यांनी फिरत असल्यास क्लचमध्ये सु. २·५ किवॉ. उष्णता सतत निर्माण होते. ही उष्णता पाणी तापविण्याच्या घरगुती विजेच्या बंबाहून कमी नाही. दहा सेकंद असे थांबणे म्हणजे पहिल्या गिअरमध्ये गाडी चार वेळा काढण्याएवढी झीज होय.

भिवंडीतील मालवाहतूक : भिवंडी हे यंत्रमागांचे जुने केंद्र आहे. सुताची पोती आत येणे व कापडाचे तागे आणि गाठी बाहेर जाणे ही येथील नित्याची वाहतूक होय. क्लचचे तत्त्व येथील विणकराला अपरिचित नाही. साध्या यंत्रमागावर मोटर सतत फिरत असते. हँडल ओढताच पट्टा सैल कप्पीवरून घट्ट कप्पीवर सरकतो किंवा घर्षण-क्लच जुळतो आणि माग चालू होतो. बाण्याचा धागा तुटला की हीच जोडणी सुटते व माग थांबतो.

यंत्रमागांच्या जोडीला भिवंडीभोवती गोदामांचा मोठा पट्टा वाढला. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर माल ठेवल्यास तो मुंबईत विकला जाईपर्यंत जकात भरावी लागत नसे, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू होऊन मुंबईतील जकात संपली. तथापि गोदामे राहिली व वाढली. माणकोली, पूर्णा, राहनाळ, दापोडे, काल्हेर, वळ इ. गावांत ती पसरली आहेत. न्हावा शेवा बंदरातून येणारा माल मोठ्या ट्रकांनी येथे येतो आणि पिकअप व इतर लहान गाड्यांनी मुंबई-ठाण्याच्या दुकानांकडे जातो. त्यामुळे लहान गाडीची फेरी प्रायः अशी असते : गोदामाच्या आवारात मागेपुढे करणे, अंजूर फाटा, माणकोली किंवा रांजणोली येथील गर्दी, नंतर खाडीपुलावरील संथ रांग आणि शहरातील थांबत थांबत वाटणी. रस्त्यावरचे अंतर थोडे, पण गाडी काढण्याचे प्रसंग असंख्य.

नाशिककडे जाणाऱ्या गाड्यांना याखेरीज कसारा घाट म्हणजे थळ घाट चढावा लागतो. घाटाच्या पायथ्यापासून समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवरील इगतपुरीपर्यंतच्या चढात कोंडी झाली की भरलेल्या गाड्या चढावरच थांबून पुन्हा काढाव्या लागतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आमणे हे गाव भिवंडी तालुक्यातच आहे. या मार्गावर घाटाखालून बोगदा असल्याने त्या मार्गाने जाणाऱ्या गाड्यांच्या क्लचवरील ताण कमी झाला आहे.

या परिस्थितीत क्लच लवकर निकामी होऊ लागला की ‘जाड स्प्रिंगेची’ प्रेशर प्लेट बसविण्याकडे कल होतो. वरील विवेचनावरून या उपायाची मर्यादा स्पष्ट होते. येथे एंजिनाचा पीळ वाढलेला नसतो. वाढलेली असते ती घसरणीची उष्णता. जादा दाबाची स्प्रिंग पकड वाढविते, परंतु प्रत्येक वेळी गाडी काढताना खर्ची पडणारी ऊर्जा ती फारशी कमी करू शकत नाही. शिवाय पायटा जड होतो. दिवसातून शेकडो वेळा जड पायटा दाबून थकलेला चालक क्लच अर्धवट दाबून गाडी रेटू लागतो आणि उष्णता उलट वाढते. वाढलेल्या दाबामुळे मुक्ती धारवा, तरफा व भुजादंडाचा अक्षीय धारवा यांची झीजही लवकर होते.

भार ओढण्याच्या स्पर्धा : जनावरांकडून भार ओढवून घेण्याच्या स्पर्धा अनेक कृषिप्रधान समाजांत आढळतात. आंध्र प्रदेशात बैलजोड्यांनी दगडी शिळा ओढण्याच्या स्पर्धा होतात. अमेरिकेत हे काम घोडे करीत. यांत्रिक ट्रॅक्टरांच्या अशा स्पर्धा १९२९ मध्ये मिसूरी राज्यातील बोलिंग ग्रीन व ओहायओ राज्यातील व्हॉन्सव्हिल येथे झाल्या. १९६९ मध्ये तेथे राष्ट्रीय ट्रॅक्टर पुलर्स संघ स्थापन होऊन एकसारखे नियम रूढ झाले. पुढे ट्रक व पिकअप गाड्यांचे वर्ग निर्माण झाले. भारतात पंजाबमध्ये दोन ट्रॅक्टर साखळीने पाठमोरे जोडून ओढाओढ करण्याचा प्रकार प्रचलित होता. ट्रॅक्टरच्या कसरतींत एक प्राणघातक अपघात झाल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील शासनाने अशा धोकादायक कसरतींवर बंदी जाहीर केली.

अमेरिकी पद्धतीत गाडीने एक घसरगाडी ओढावयाची असते. तिच्यावरील वजनाची पेटी प्रारंभी मागील चाकांवर असते. घसरगाडी पुढे जाऊ लागली की चाकांच्या फिरण्यानेच ती पेटी पुढे सरकते व भार पुढच्या सपाट पोलादी तळावर येतो. हा तळ मातीवर घासत असल्यामुळे ओढीला होणारा विरोध वाढतच जातो. मूळ पूर्ण अंतर ३०० फूट (सु. ९१ मी.) होते, जो सर्वांत दूर ओढील तो विजयी. संपूर्ण प्रयत्न काही सेकंदांत संपतो.

स्पर्धेसाठी डीझेल एंजिनात इंधन व हवा यांचे प्रमाण वाढवून पीळ कैक पटींनी वाढविला जातो. अमेरिकी पिकअपमध्ये डीझेल एंजिन लोकप्रिय करणाऱ्या १९८९ च्या डॉज गाडीतील ५·९ लि. कमिन्स एंजिनाचा मूळ पीळ सु. ५४० न्यूटन-मीटर होता. असे एंजिन सुधारून त्याचा पीळ दुप्पट-तिप्पट झाला की मूळचा क्लच पूर्ण जुळल्यावरही घसरू लागतो. थोडक्यात, भार वाढला की क्लचमधील उष्णता वाढते आणि एंजिनाचा पीळ वाढला की क्लचची क्षमता अपुरी पडते. भिवंडीतील प्रश्न पहिल्या प्रकारचा व स्पर्धेतील दुसऱ्या प्रकारचा आहे.

क्षमता वाढविण्याचे मार्ग : सूत्रातील चार घटकांवरून चार मार्ग निघतात.

(१) दाब वाढविणे. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याचे तोटे वर दिले आहेत. स्पर्धेच्या काही क्लचांत तरफांच्या टोकांना वजने लावतात. वेग वाढला की केंद्रोत्सारी प्रेरणेने ती दाब वाढवितात. त्यामुळे निघताना दाब मर्यादित व पूर्ण वेगाला भरपूर असा लाभ होतो.

(२) घर्षण गुणांक वाढविणे. सेंद्रिय अस्तराऐवजी अरामिड धाग्यांचे, तांबे किंवा लोह यांच्या भुकटीत मृत्तिका पदार्थ मिसळून व ती तापवून घट्ट केलेल्या वड्यांचे, अथवा संपूर्ण लोहभुकटीचे अस्तर वापरतात. धातूच्या वड्या सेंद्रिय अस्तर जळेल अशा तापमानालाही टिकतात व त्यांचा घर्षण गुणांक ०·४ च्या आसपास किंवा अधिक असतो. मात्र त्या एकदम पकड घेतात, गाडी निघताना थरथरते आणि प्रचक्राचे पृष्ठ लवकर झिजते.

(३) पृष्ठांची संख्या वाढविणे. दोन तबकड्या व त्यांच्यामध्ये एक पोलादी तरंगता पट्ट घातल्यास पृष्ठे चार होतात. वरील उदाहरणातील क्लच त्याच दाबाने ३०० ऐवजी ६०० न्यूटन-मीटर पेलू शकतो व पायटा जड होत नाही. उष्णताही अधिक धातूत विभागली जाते. स्पर्धेसाठी दोन, तीन किंवा अधिक तबकड्यांचे क्लच वापरण्याचे कारण हेच होय.

(४) त्रिज्या वाढविणे. मोठा व्यास पीळ आणि उष्णता या दोन्हींच्या दृष्टीने हितकर असतो. परंतु क्लचच्या आवरणात जागा असली पाहिजे व प्रचक्रही त्या मापाचे हवे. वाहनाच्या निर्मात्याने त्याच मालिकेतील अधिक भाराच्या गाडीसाठी मोठा क्लच दिला असेल, तर तो मालवाहतुकीसाठी सर्वांत उचित पर्याय ठरतो.

स्पर्धेतील क्लचही काही काळ घसरतोच. १,००० अश्वशक्तीचे म्हणजे सु. ७४५ किवॉ.चे एंजिन असून क्लच १० टक्के घसरत असेल, तर त्यात सु. ७५ किवॉ. उष्णता निर्माण होते. दहा सेकंदांत ती ७५० किलोज्यूल होते. कोंडीत अडकलेल्या मालगाडीच्या क्लचला एवढी उष्णता मिळण्यास तास-दोन तास लागतात. स्पर्धेचा क्लच ती काही सेकंद सहन करतो आणि लगेच उघडून तपासला जातो. मालगाडीच्या क्लचने मात्र महिनोन्महिने, न उघडता काम द्यावयाचे असते. यामुळे स्पर्धेचा क्लच रोजच्या वाहतुकीसाठी श्रेष्ठ ठरत नाही.

पुढील यंत्रणेवर परिणाम : पायटा एकदम सोडला असता एंजिनाच्या पिळात वेगाने फिरणाऱ्या प्रचक्राच्या जडत्वाचा पीळ मिळतो. या हिसक्याची कमाल मर्यादा दोन गोष्टी ठरवितात : क्लचची क्षमता आणि टायरांची रस्त्यावरील पकड. यांपैकी जी मर्यादा लहान असेल ती आधी गाठली जाते. वरील गाडीच्या मागील आसावर ८०० किग्रॅ. भार व टायरांचा घर्षण गुणांक ०·७ असेल, तर क्लचकडे मोजता केवळ सु. ९० न्यूटन-मीटरला टायर घसरतात. मागील भार २,००० किग्रॅ. असेल, तर ही मर्यादा सु. २२५ व बेसुमार माल भरून ३,००० किग्रॅ. झाल्यास सु. ३४० न्यूटन-मीटर होते. म्हणजे रिकाम्या वा रास्त भरलेल्या गाडीत टायर आधी घसरतात. जादा भरलेल्या गाडीत ३०० न्यूटन-मीटरचा क्लच आधी घसरतो. हा क्लच ६०० न्यूटन-मीटरचा केला, तर घसरून हिसका जिरविणारा दुवा उरत नाही. मग तुटतात ते प्रवेशदंडाच्या खाचा, दंतचक्रांचे दात, प्रचालक दंडाचे सांधे किंवा मागील आसातील अर्धदंड. क्लचप्लेट स्वस्त असते. हे भाग महाग असतात आणि घाटात भरधाव उतरताना अथवा चढताना प्रचालक दंड तुटणे प्राणावर बेतू शकते. स्पर्धेच्या गाड्यांत म्हणूनच क्लचबरोबर प्रवेशदंड, प्रचालक दंड व आस हेही मोठ्या ताकदीचे बसवितात.

सुरक्षितता : फिरत्या प्रचक्रातील ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला ३,५०० फेऱ्यांसाठी बनविलेले बिडाचे प्रचक्र ५,००० फेऱ्यांनी फिरविले, तर ताण दुपटीहून अधिक होतो. अतितापाने बिडावर निळसर डाग व केसासारख्या भेगा पडतात आणि त्यांपासून ते फुटू शकते. क्लच चालकाच्या पायांजवळच असल्यामुळे फुटलेले तुकडे मजला फोडून आत येण्याचा धोका असतो. स्पर्धेत पोलादी प्रचक्र व क्लचभोवती जाड पोलादी कवच वापरणे यासाठीच आवश्यक मानले जाते. रोजच्या गाडीतही भेगा पडलेले प्रचक्र लेथवर घासून पुन्हा बसवू नये, ते बदलावे.

जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टस असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टसच्या सर्व प्रकारांना मानवात कर्करोग उत्पन्न करणारा पदार्थ ठरविले आहे. अस्तर कशाचे आहे हे कारागिराला पाहून कळत नाही. म्हणून क्लच उघडल्यावर आतील धूळ हवेच्या झोताने वा तोंडाने फुंकून उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके बंद पिशवीत टाकावे आणि तोंडानाकावर योग्य मुखवटा लावावा. लहान गॅरेजांत हे काम बहुधा कोवळ्या वयाच्या शिकाऊ मुलांकडे येत असल्याने ही दक्षता अधिकच महत्त्वाची आहे.

मोटर वाहन अधिनियम, १९८८ अन्वये नोंदलेल्या वजनापेक्षा अधिक भार वाहून नेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार त्यासाठी २०,००० रुपये व जादा भाराच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. बळकट क्लच बसविल्याने गाडीचे नोंदलेले वजन वाढत नाही. ब्रेक, पाटे, टायर व आस मूळच्याच भारासाठी बनविलेले असतात.

निवड व निगा : मालवाहतुकीच्या गाडीसाठी निर्मात्याने नेमून दिलेल्या मापाची क्लचप्लेट, प्रेशर प्लेट व मुक्ती धारवा एकाच वेळी बदलावेत, प्रचक्राचे पृष्ठ तपासावे आणि तेल झिरपत असल्यास ती गळती आधी बंद करावी. गाडी नेहमी पहिल्या गिअरमध्ये काढावी. चढावर थांबताना हातब्रेक लावावा. चालत्या गाडीत पाय पायट्यावर टेकवून ठेवू नये व पायट्याची मोकळी चाल नेमून दिल्याप्रमाणे राखावी. एंजिनाचा पीळ न वाढविता क्लचची क्षमता वाढविण्याचे कारण बहुधा उरत नाही. एंजिनाचा पीळ वाढविला असेल, तर क्लचबरोबर त्यापुढील प्रत्येक भागाची क्षमता तपासावी लागते.

अमेरिकेत पूर्ण आकाराच्या डीझेल पिकअपमध्ये पायट्याच्या क्लचसह हाताने बदलण्याचे गिअर देणारी अखेरची गाडी रॅम ही होती. २०१८ च्या मालिकेनंतर तिच्यातही ते बंद झाले. विजेवर चालणाऱ्या लहान मालवाहू गाड्या भारतातही आल्या असून टाटा एसचा विद्युत् प्रकार २०२२ मध्ये सादर झाला. विद्युत् मोटर शून्य वेगापासूनच भरपूर पीळ देत असल्याने तिला निघण्यासाठी घर्षण-क्लचची गरज नसते. कोंडीत थांबत थांबत माल वाटण्याच्या कामी अशा गाड्यांचा प्रसार होईल तसे भिवंडीसारख्या केंद्रांत क्लच जळण्याचे प्रमाण कमी होत जाईल. डीझेल गाड्या वापरात आहेत तोवर मात्र त्यांच्या क्लचचे आयुष्य मुख्यतः भरलेल्या मालावर आणि गाडी काढण्याच्या पद्धतीवर अवलंबून राहील.